चौथ्या वाफ्यावरचा जवळा

बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला, खाडीच्या एका फाट्यावर, वसाहतीचं मैलापाणी शुद्ध करण्याचं केंद्र होतं. आम्ही त्याला प्लांट म्हणत असू. आसपासच्या गावांत त्याचं नाव घाणपाण्याचा कारखाना. साठच्या दशकाचा मध्य उलटून गेला होता. त्या भागात नवी कामं निघाली होती. घाटावरून, खानदेशातून, उत्तरेतून माणसं येत होती, आणि त्यांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या वसाहतीचं सांडपाणी आमच्याकडे यायचं होतं. मी तिथे प्रयोगशाळेत सहायक होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, काचेच्या नळ्या आणि स्पिरिटचा दिवा. ओव्हरसियर साहेब आठवड्यातून दोनदा पालघरहून येत. रोजच्या कामाला उत्तर प्रदेशातला एक फिटर होता. बाकी कोणी नव्हतं.

केंद्र लहान होतं. पाणी आधी लोखंडी गजांच्या जाळीतून जायचं, मग टाकीत निवळायचं. निवळलेलं पाणी दगडांनी भरलेल्या एका गोल हौदावर शिंपडलं जायचं. हौदावर चार लांब पोकळ लोखंडी हात पाण्याच्याच जोराने गोल फिरत. दगडांवर बुळबुळीत थर धरतो, आणि पाण्यातली उरलेली घाण तो थर खातो. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ वेगळ्या बंद टाकीत कुजायला ठेवायचा आणि कुजला की वाफ्यांवर सोडायचा. असे पाच वाफे एका ओळीत होते. गुडघाभर उंच विटांच्या भिंती, खाली खडी, वर वीतभर चाळलेली वाळू. गाळातलं पाणी वाळूतून झिरपून जाई, आणि वर राहिलेला गाळ उन्हात वाळून त्याच्या पापड्या सुटत.

हे सगळं तयार झालं, पण पाणी आलं नाही. वसाहतीतली घरं उभी होती, काहींत माणसंही राहायला आली होती, पण त्यांचे नळ मुख्य गटाराला जोडायचे राहिले होते. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी जाळी कोरडी होती. मी रोज सकाळी नोंदवही उघडून आलेलं पाणी शून्य असं लिहीत होतो. वाफ्यांसाठी पाच रकाने होते. पाचांतही ‘रिकामा’ लिहायचं.

त्याच पावसाळ्यात उधाणाच्या भरतीने किनाऱ्यावरच्या एका कोळी गावाचं खळं नेलं. खळं म्हणजे मासळी वाळत घालायची मोकळी जागा. तिथली वाळू समुद्राने ओढून नेली आणि खाली गोटे उघडे पडले. दोऱ्यांवर टांगायचे बोंबील कुठेही टांगता येतात. जवळ्याला मात्र जमीन लागते. नखाएवढी ती कोलंबी पातळ पसरावी लागते आणि दिवसातून तीन-चार वेळा हलवावी लागते. गावाने अंगणं वापरली, देवळासमोरची जागा वापरली. तेवढ्याने भागलं नाही.

मार्गशीर्षात एके सकाळी त्या गावची एक बाई आमच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबली. चाळिशी ओलांडलेली, उंच, आवाज मोठा. ती पायी बोईसरच्या बाजारात जात असे. डोक्यावर दोन टोपल्या, एकीवर एक. वरच्या टोपलीत विकायची ओली मासळी होती, खालचीत जवळा. ओंजळीने पाणी पिऊन झाल्यावर तिने टोपल्या उतरवल्या आणि न विचारता वाफ्यांपर्यंत चालत गेली.

“मास्तर, ही वाळू कुटची?” तिने विचारलं. हातात वही असलेल्या माणसाला ती मास्तर म्हणत असे.

“नदीची. वैतरणेची.”

“येवढी चाळून कोनासाठी हातरून ठेवलीय?”

“गाळासाठी.”

“अगं बाय! आमच्या नवरीला पन येवढं हातरून नाय भेटत.”

तिने वाळूची चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. थुंकून म्हणाली, “गोडी हाय. खारी वाळू रातची वल धरते, जवळा मऊ पडतो. हिच्यावर एका उन्हात कडक व्हईल. तुमचा गाळ कवा येनार?”

“सांगता येत नाही.”

“मग तंवर एक वाफा मला द्या. गाळ आला का मी उठते.”

मी म्हणालो, परवानगी साहेबांची लागेल, साहेब गुरुवारी येतील.

“आज सोमवार हाय, मास्तर. जवळ्याला गुरुवार ठाऊक नाय.”

मी तिला चौथा वाफा दिला. तो फाटकापासून आणि गाळाच्या नळापासून लांब होता, एवढंच कारण. तिने टोपलीच्या तळातून बारीक विणीचं जुनं जाळं काढलं, वाळूवर ताणून अंथरलं, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि त्यावर जवळा पसरला. तो हलवण्याचं काम फिटरला सांगून ती बाजाराला गेली. फिटर मराठीत नाही म्हणायला अजून शिकला नव्हता. दुपारी परत येताना तिने वाळलेला जवळा टोपलीत भरला, जाळं झटकून गुंडाळलं आणि गावाकडे गेली.

गुरुवारी ओव्हरसियर साहेबांनी चौथा वाफा पाहिला, मग घड्याळात पाहिलं, आणि गाळाच्या नळाच्या चावीला तेल दिलं का, असं मला विचारलं. जवळ्याचा विषय निघाला नाही. त्याला होकार समजून मी ते चालू ठेवलं. नोंदवहीत चौथ्या रकान्यात ‘रिकामा’ लिहीत राहिलो. जवळ्यासाठी रकाना नव्हता.

हे पाच महिने चाललं. ती रोज येत नसे. जवळा लागला त्या दिवशी येई. कावळ्यांसाठी तिने काठीला कावळ्याचं पीस बांधून वाफ्याच्या भिंतीत रोवलं. फिटर तिला चिडवायचा, “मौसी, ये मच्छी का प्लांट है कि पानी का?” ती त्याला म्हणायची, “पानी किधर है तेरा? दाखव की. हमारा मच्छी तो दिखता हाय.” बोईसरच्या बाजारात तिच्या जवळ्याचं नाव झालं. वसाहतीतल्या बायका मुद्दाम तिच्याकडे येत, कारण तो दाताखाली कचकचत नसे. खळ्यावरच्या जवळ्यात वाळू येतेच. तिच्या जवळ्यात ती नव्हती, कारण जाळं होतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून विकायचा साठा ती घरी गोण्यांत भरून ठेवत होती.

चैत्रात पाणी आलं. पहिल्या दिवशी जाळीत लाकडाचे तुकडे, सिमेंटची पोती आणि एक चप्पल अडकली. नवी गाळाची टाकी चालू करताना विरजणासारखं काहीतरी घालावं लागतं. आम्ही गवळ्याकडून शेण आणून पाण्यात कालवून ओतलं. मासळीवाली भिंतीशी उभी राहून पाहत होती. “टाकीला सारवता का शेन पाजता?” तिने विचारलं. गोल हौदावरचे हात फिरू लागले तेव्हा ती हौदाभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, “रहाट हाय, पन बैल कुटं दिसत नाय.” वसाहतीतली माणसंही हे हात पाहायला येऊ लागली. संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबं कुंपणाच्या तारेशी थांबत. त्या वेळी तिथे पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पहिला गाळ सोडायचा दिवस वैशाखात आला. मी तिला चार दिवस आधी सांगितलं होतं. तिने मान हलवली होती. पण त्या दिवशी तिचा जवळा चौथ्या वाफ्यावर होता आणि आदल्या दिवसापासून आभाळ भरलेलं होतं. जवळा अर्धा ओला होता.

“आज उचलला तर रातभरात बुरशी धरंल,” ती म्हणाली. “एक ऊन द्या, मास्तर. उद्या नाय ठेवत.”

मी विचार केला तो असा. गाळ पहिल्या वाफ्यात जाणार. चौथ्या वाफ्याची चावी बंद आहे, तिच्यातून थेंबही येणार नाही. मध्ये दोन वाफे रिकामे आहेत. शिवाय जवळा वाळूवर नाही, जाळ्यावर आहे. मी म्हणालो, राहू दे. पहिल्या वाफ्यात काळा, दाट गाळ पसरला. दुसऱ्या दिवशीही आभाळ राहिलं, आणि जवळाही राहिला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिने दुपारी जवळा उचलला, जाळं गुंडाळलं, पिसाची काठी उपटली आणि वाफा माझ्या ताब्यात दिला. पाच महिन्यांत तिने त्या वाफ्यातली मूठभरही वाळू नेली नव्हती.

त्या दोन संध्याकाळी कुंपणाच्या तारेशी नेहमीसारखी माणसं उभी होती. त्यांना एकाच ओळीत दोन वाफे दिसले. एकावर गाळ, एकावर जवळा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी भाजी घ्यायला बोईसरला गेलो होतो. ती तिच्या ठरलेल्या जागी बसली होती, पुढ्यात जवळ्याचा ढीग. तिची एक नेहमीची गिऱ्हाईक पिशवीत जवळा भरून घेत होती. ही बाई वसाहतीतली, साताऱ्याकडची. इथे आल्यावर जवळा खायला शिकलेली. तिने मला ओळखलं.

“अहो, तुम्ही प्लांटवरचे ना? लोक काय काय बोलतात म्हणून विचारते. हिचा जवळा तिथे वाळत होता का?”

“हो.”

“आणि गाळ?”

“गाळ पहिल्या वाफ्यात होता. जवळा चौथ्यात.”

“म्हणजे एकाच वेळी होता.”

“दोन दिवस.”

“मग हा खायला चालेल ना? तुम्ही तपासलात का?”

“आमच्याकडे पाणी तपासतात. मासे तपासत नाहीत.”

“म्हणजे तपासलेला नाही.”

“नाही.”

माझी सगळी उत्तरं खरी होती. बाईने पिशवी उलटी करून जवळा परत ढिगावर ओतला. “नको गं मावशी,” ती म्हणाली, “घरात लहान मुलं आहेत.” आणि शेजारची दुसरी बाई, जी ऐकत होती, तीही उठली.

मासळीवालीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “मास्तर, तुमचं घान पानी टाकीत बसून, शिकून शानं झालं. तुमी कवा व्हनार?”

जाळ्याची गोष्ट मला तिथे सांगता आली असती. चौथ्या वाफ्यात तोवर कधीच गाळ पडला नव्हता, हे सांगता आलं असतं. ढिगातला बराचसा जवळा पाणी येण्याच्या आधीचा असणार, हेही. ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी वांगी घेतली आणि परत आलो.

त्यानंतर दोन बाजारांत तिचा जवळा कोणी घेतला नाही. तिसऱ्या बाजारी लोक तिच्या गावच्या इतर बायकांना विचारू लागले, कुठल्या गावची मासळी? गावाचं नाव ऐकलं की पुढे जात. बोंबील, मांदेली, सगळ्याच टोपल्या भरलेल्या परत जाऊ लागल्या. पावसाळा तोंडावर होता. बोटी ओढून ठेवल्यावर चार महिने त्या गावात दुसरं काही येत नाही. सुक्या मासळीवरच भागवायचं असतं. आता प्रश्न एका बाईच्या गोण्यांचा राहिला नव्हता.

मी ओव्हरसियर साहेबांकडे गेलो. म्हणालो, चौथ्या वाफ्यात त्या दिवसापर्यंत गाळ सोडलेला नव्हता, एवढं एका कागदावर लिहून सही द्या. मी तो बाजारात वाचून दाखवतो.

त्यांनी नोंदवही मागवली आणि उघडून माझ्यासमोर ठेवली. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“पाच महिने वाफा रिकामा आहे. असा कागद कशाला लागला, हे विचारतील. आता मी लिहून देऊ की तिथे मासे होते, पण चांगले होते?” ते चिडलेले नव्हते. “तुम्ही लिहिलंय तेच खरं धरावं लागेल मला. घरी जा.”

मग मी न लिहिता सांगायचं ठरवलं. पुढच्या बाजारी तिच्या गावच्या बायका बसतात त्या ओळीशी जाऊन उभा राहिलो. ती स्वतः आली नव्हती. मी तोंड उघडण्याआधीच ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने मला हाताने थांबवलं.

“नको बाबा. तू चांगलंच सांगशील, पन तू दिसलास का लोकांना गटार दिसतो. जेवडं बोलशील तेवडं त्यांना याद राहील. जा.”

मी गेलो. पुढे प्लांट सोडून वर्तमानपत्रात काम करताना खुलासे छापायची वेळ अनेकदा आली, आणि खुलाशामुळेच मूळ बातमी वाचणारे लोकही पाहिले. त्या म्हातारीला हे आधीच माहीत होतं.

दोन दिवसांनी मासळीवाली फाटकाशी आली. टोपल्या नव्हत्या. तिने पाणी मागितलं नाही.

“गाव बसला काल,” ती म्हणाली. “बोलले, तुजा जवळा जोवर घरात हाय तोवर आमची मासळी कोन घेनार नाय. दर्यात टाक. डाग लागला म्हंजे दर्याला परत द्यायचा, असा आमच्यात हाय.”

“सगळा?”

“समदा. मी बोलले, टाकते. पन दर्यात टाकला तर कोन बघंल? वसाहतीच्या बाया काय दर्यावर येतात? ज्यांनी बघितला वाळताना, त्यांनीच बघू दे टाकताना.” मग तिने वाफ्यांकडे बोट केलं. “तुमचा गाळ हाय का आज?”

पहिला वाफा दोन दिवसांपूर्वी पुन्हा भरला होता. मी हो म्हणालो. या वेळी गुरुवारची वाट पाहण्याचं मी सुचवलं नाही.

ती त्याच दिवशी संध्याकाळी बैलगाडी घेऊन आली. गाडीत सात गोण्या. कुंपणाशी माणसं जमलेली होतीच. साताऱ्याची बाईही होती, कडेवर मूल घेऊन. फिटरने आणि मी गोण्या उतरवून वाफ्याच्या भिंतीवर ठेवल्या. गाठी तिने स्वतः सोडल्या. एका गोणीच्या तोंडाशी मी हात घातला. जवळा गुलाबी, हलका, कडकडीत होता. हा थंडीतला माल होता, पाणी येण्याच्या कितीतरी आधीचा.

“हा तर पौषातला आहे,” मी म्हणालो. “हा तरी ठेवा.”

“जवळ्यावर तारीख नसते, मास्तर. वता.”

फिटर म्हणाला, “मौसी, ये गलत हो रहा है.” त्याने गोणी धरून ठेवली होती. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि उलटी केली. सुका जवळा पडताना पाचोळ्यासारखा आवाज होतो. तो गाळात बुडाला नाही; वरच राहिला. सात गोण्या ओतल्यावर काळा वाफा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिक्कट गुलाबी झाला. मग तिने फिटरचं फावडं घेतलं आणि जवळा गाळात कालवला. भरभर नाही, एरवी तो उन्हात हलवायची त्याच संथपणे. काम पूर्ण झाल्यावर ती तारेकडे वळली.

“बाय,” ती म्हणाली, “समदा इथं हाय. घरात एक मूठ नाय ठेवली. मी आता बोईसरला बसनार नाय. आमच्या गावच्या बायांचं घ्या तुमी. त्यांनी कायपन नाय केला.”

साताऱ्याच्या बाईने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. हळूहळू माणसं पांगली.

तिने नळावर हातपाय धुतले. खाडीकडे जाणाऱ्या पाटातून आमचं शुद्ध केलेलं पाणी वाहत होतं. तिकडे पाहत तिने विचारलं, “हे पानी सोडता ते तपासता ना?”

“रोज.”

“चांगलं हाय?”

“चांगलं आहे.”

“आमची पोरं तिकडं चिखलात निवट्या धरतात, खायला. मग हे सांगत जा लोकांना. कोनी इचारलं नाय तरी सांगा.”

गोण्यांची घडी करून ती गाडीत बसली. गाडी गावाच्या रस्त्याला लागली.

पुढच्या बाजारी तिच्या गावच्या बायकांची मासळी विकली गेली. पहिल्या तासात थोडी, मग सगळी. तिच्या जागेवर दुसरी बसली होती. ती स्वतः मनोरच्या बाजाराला जाऊ लागल्याचं त्यांच्यापैकी एकीने सांगितलं. एसटीने जावं लागतं, आणि तिथे तिला ओळखणारं गिऱ्हाईक नव्हतं.

साताऱ्याची बाई बोंबील घेत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि तिने विचारलेलं नसताना सांगितलं. जवळा वाळूवर नव्हता, जाळ्यावर होता. चौथ्या वाफ्यात तोवर गाळ कधी पडलेला नव्हता. सातपैकी सहा गोण्या तरी पाणी येण्याच्या आधीच्या असतील.

ती ऐकत होती. तिच्या हातातल्या बोंबलांची जुडी खाली आली.

“म्हणजे तो चांगला होता?”

“हो.”

“मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

तुम्ही विचारलं नव्हतं, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि तेही खरं होतं. मी ते दिलं नाही.